गणिती तर्कशास्त्राचे उच्च अध्ययन : संस्थेची निवड कशी करावी?

एम.एस्सी.चे दुसरे वर्ष संपत आले, की गणिताचा एखादा विद्यार्थी अध्यापकांच्या खोलीत येतो आणि काहीशा संकोचाने विचारतो, ‘मला तर्कशास्त्रात संशोधन करावयाचे आहे, कोठे जावे?’ बीजगणित किंवा विश्लेषण यांविषयी असा प्रश्न आला, तर उत्तर देणे फारसे कठीण नसते. त्या विषयांचे जाणकार बहुतेक विद्यापीठांत आहेत. गणिती तर्कशास्त्राची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडील बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत या विषयाची ओळख संच-सिद्धांताच्या एका प्रकरणापुरती किंवा संगणकशास्त्रातील एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरती असते. विद्यार्थ्याचे या विषयावर मन बसते ते बहुधा एखाद्या पुस्तकामुळे आणि तो विषय शिकविणारा मनुष्य त्याने प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. अशा स्थितीत तो विद्यापीठाच्या नावावर विसंबतो. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच्या ध्यानात येते, की विद्यापीठ थोर आहे, गणित विभागही थोर आहे. परंतु आपल्या विषयाचा मनुष्य तेथे कोणीच नाही. मग तो दुसऱ्या विषयात प्रबंध लिहितो, किंवा काहीच न लिहिता परत येतो.

ही हानी टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी निवड कोणत्या क्रमाने करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आधी हेतू, मग तर्कशास्त्राची शाखा, मग त्या शाखेत आज प्रत्यक्ष काम करणारी माणसे आणि सर्वांत शेवटी विद्यापीठाचे नाव, असा तो क्रम होय. आपल्याकडे व्यवहारात तो नेमका उलटा चालतो.

१. मुरडीहून केंब्रिजला

रत्नागिरी जिल्ह्यापुरते पाहिले, तर गणिताच्या उच्च अध्ययनासाठी दूरदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचे ठळक उदाहरण म्हणजे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोली तालुक्यातील मुरडी येथे १८७६ साली त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेले आणि १८९९ साली तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत जॉर्ज बर्टविसल यांच्यासह पहिले आले. ‘सीनिअर रँग्लर’ हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

या उदाहरणात आपल्या विषयाच्या दृष्टीने एक लक्षणीय गोष्ट आहे. सेंट जॉन्सच्या शेजारीच ट्रिनिटी महाविद्यालय आहे. परांजपे केंब्रिजमध्ये असताना, १८९८ साली, ट्रिनिटीतील आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचा ‘युनिव्हर्सल अल्जिब्रा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बूलच्या तर्क-बीजगणिताचे विस्तृत विवेचन त्यात आहे. व्हाइटहेड यांचे शिष्य बर्ट्रांड रसेल हे त्याच वर्षांत गणिताच्या पायाविषयी विचार करू लागले होते. पुढे १९१० ते १९१३ या काळात या दोघांनी मिळून ‘प्रिन्सिपिआ मॅथेमॅटिका’चे तीन खंड प्रकाशित केले. म्हणजे आधुनिक गणिती तर्कशास्त्र ज्या थोड्या ठिकाणी आकार घेत होते, त्यांपैकी एक ठिकाण हाकेच्या अंतरावर होते. परंतु ट्रायपॉसची तयारी हा निराळा व्यवसाय होता. ठरावीक घाटाची कठीण उदाहरणे ठरावीक वेळात सोडविण्याचा सराव खासगी शिक्षकांकडून करून घ्यावा लागे आणि गुणानुक्रमावर सारे अवलंबून असे. ही गुणानुक्रमाची यादी पुढे बंद झाली. शेवटची यादी १९०९ सालची.

यावरून परांजपे यांची निवड चुकली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परत येऊन फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करण्याचा शब्द ते देऊन गेले होते. तो त्यांनी पाळला आणि १९०२ साली ते त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या हेतूला त्यांची वाट अनुरूप होती. आपण घ्यावयाचा बोध इतकाच, की परीक्षेतील अग्रस्थान आणि संशोधनाचे स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच गावात शेजारी-शेजारी असल्या, तरी त्यांची दारे वेगळी असतात. ज्याला उत्तम अध्यापक व्हावयाचे आहे, त्याने एक दार पाहावे. ज्याला तर्कशास्त्रात नवे काही शोधावयाचे आहे, त्याने दुसरे. आपला हेतू कोणता, हे प्रथम स्वतःशी निश्चित करणे अगत्याचे आहे.

२. ‘तर्कशास्त्र’ म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘तर्कशास्त्र’ हा शब्द उच्चारला, की आपल्या मनात न्यायशास्त्र उभे राहते, आणि ते स्वाभाविक आहे. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’सारखा ग्रंथ आपल्याच प्रदेशात सिद्ध झाला. तथापि न्यायशास्त्राचा मुख्य विषय प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, हा आहे. गणिती तर्कशास्त्राचा विषय गणिताची भाषा, त्यातील सिद्धता आणि त्या दोहोंच्या मर्यादा हा आहे. दोहोंची तुलना करणे हे एक स्वतंत्र व मोलाचे संशोधनक्षेत्र आहे. परंतु एकाच्या ओढीने दुसऱ्याच्या विभागात प्रवेश घेतला, तर निराशा ठरलेली.

गणिती तर्कशास्त्राच्या पोटात रूढ अर्थाने चार शाखा येतात. इच्छुक विद्यार्थ्याने त्यांपैकी आपले मन कोठे रमते, हे पाहिले पाहिजे. कारण क्वचितच एखादा विभाग या चारही शाखांत सारखाच समर्थ असतो.

पहिली शाखा प्रतिमान-सिद्धांताची. एखाद्या आकारिक भाषेतील विधाने आणि ती विधाने ज्यांच्या ठिकाणी सत्य ठरतात अशा गणिती संरचना, यांचा संबंध ती तपासते. वास्तव संख्यांच्या बेरीज, गुणाकार व क्रम यांविषयीचे कोणतेही प्राथमिक विधान सत्य की असत्य हे यांत्रिक रीतीने ठरविता येते, असे आल्फ्रेड टार्स्की यांनी दाखविले. १९९६ साली एहूद हृशोव्स्की यांनी या शाखेच्या साधनांनी बीजगणितीय भूमितीतील मॉर्डेल-लँग अनुमान फलन-क्षेत्रांच्या बाबतीत सिद्ध केले. या शाखेकडे वळणाऱ्याचे बीजगणित, विशेषतः क्षेत्रांचा सिद्धांत, पक्के हवे.

दुसरी शाखा संच-सिद्धांताची. नैसर्गिक संख्यांहून मोठा आणि वास्तव संख्यांहून लहान असा अनंत संच असू शकेल काय, हा कँटरचा प्रश्न हिल्बर्ट यांनी १९०० साली पॅरिस येथे आपल्या प्रश्नावलीत पहिला ठेवला. असा संच नाही, हे कँटरचे गृहीतक संच-सिद्धांताच्या प्रचलित गृहीतकांवरून खोटे ठरविता येणार नाही, हे कुर्ट गोडेल यांनी १९४० पर्यंत दाखविले. ते सिद्धही करता येणार नाही, हे पॉल कोहेन यांनी १९६३ साली दाखविले. या शाखेला संस्थिती आणि माप-सिद्धांत यांची पार्श्वभूमी उपयोगी पडते.

तिसरी शाखा गणनक्षमतेची. कोणते प्रश्न यांत्रिक रीतीने सोडविता येतात आणि कोणते मुळीच येत नाहीत, हा तिचा विषय. १९३६ साली अलोन्झो चर्च व ॲलन ट्यूरिंग यांनी तिचा पाया घातला. पूर्णांक-सहगुणकांच्या समीकरणाला पूर्णांकांत उत्तर आहे की नाही, हे ठरविणारी सार्वत्रिक रीत असू शकत नाही, हा १९७० सालचा मातियासेविच यांचा सिद्धांत तिचे प्रसिद्ध फल होय. मार्टिन डेव्हिस, हिलरी पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांच्या पूर्वीच्या कार्यावर तो उभा आहे.

चौथी शाखा सिद्धता-सिद्धांताची. तिच्यात सिद्धता हीच गणिती वस्तू मानून तिचा अभ्यास केला जातो. १९३६ साली गेर्हार्ड गेंट्झेन यांनी गणिती विगमनाचा अनंतापलीकडे नेलेला प्रकार वापरून अंकगणिताची सुसंगतता सिद्ध केली. आज या शाखेचा संगणकाशी निकटचा संबंध आला आहे. चार रंगांच्या प्रमेयाची संपूर्ण सिद्धता ‘कॉक’ या प्रणालीत यंत्राकडून तपासून घेतल्याचे जॉर्ज गोंतिए यांनी २००५ साली जाहीर केले. अलीकडे ‘लीन’ या प्रणालीत पाठ्यपुस्तकांतील गणिताचा मोठा भाग उतरविण्यात आला आहे.

३. तीन दारे

या विषयात शिरण्याची दारे तीन : गणित विभाग, तत्त्वज्ञान विभाग आणि संगणकशास्त्र विभाग. प्रमेयाचे नाव एकच असले, तरी या तीन ठिकाणी ते वेगवेगळ्या कारणांसाठी शिकविले जाते. गोडेलचे अपूर्णता-प्रमेय गणित विभागात पुढील प्रमेयांचे साधन असते. तत्त्वज्ञान विभागात सत्य आणि सिद्धता यांतील अंतराचा पुरावा असते. संगणकशास्त्रात यंत्राच्या मर्यादेचे विधान असते. तेव्हा दार निवडताना, आपल्याला दिवसभर कोणत्या प्रकारचे काम करीत बसावयास आवडेल, हा प्रश्न स्वतःला विचारावा. प्रमेये सिद्ध करण्यात ज्याचा वेळ आनंदात जातो, त्याने तत्त्वज्ञान विभागात केवळ प्रवेश सुलभ वाटला म्हणून जाऊ नये. त्याचप्रमाणे ज्याला अर्थ, प्रामाण्य आणि अनुमान यांची चर्चा प्रिय आहे, त्याने गणित विभागाची पात्रता-परीक्षा हा केवळ एक अडथळा समजू नये. ती त्याच्या स्वभावाची खूण आहे.

तत्त्वज्ञानाच्या दाराने जाणाऱ्याला विमल कृष्ण मतिलाल यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कलकत्त्यास पारंपरिक पद्धतीने न्यायाचे अध्ययन करून त्यांनी ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिळविली. मग ते हार्वर्डला डॅनिअल इंगल्स यांच्याकडे गेले, आणि १९६५ साली त्यांना तेथे पीएच.डी. मिळाली. इंगल्स यांचा नव्यन्यायावरील ग्रंथ १९५१ सालीच प्रसिद्ध झालेला होता. म्हणजे आपला प्रश्न कळणारा माणूस तेथे आहे, हे जाणून घेण्याची सोय होती. आपल्याकडे पुणे विद्यापीठात सुरेंद्र बारलिंगे यांनी भारतीय तर्कशास्त्राची मांडणी आधुनिक तर्कशास्त्राच्या परिभाषेत केली. त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९६५ सालचे आहे. संस्कृत आणि तत्त्वज्ञान या दोहोंची आवड असलेल्या कोकणातील विद्यार्थ्याने ही परंपरा उपेक्षू नये.

४. कोठे काय आहे?

भारतातच राहू इच्छिणाऱ्याने प्रथम हे जाणावे, की आपल्याकडे तर्कशास्त्राचे बळ संगणकशास्त्राच्या बाजूला अधिक आहे. चेन्नई येथील गणितीय विज्ञान संस्था आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट या दोन संस्थांत तर्कशास्त्र, स्वयंचल-यंत्रांचा सिद्धांत आणि कार्यक्रमांची आकारिक पडताळणी या विषयांवर दीर्घकाळ काम चालू आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पवईची आय.आय.टी. येथेही याच अंगाचे काम झालेले आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त गणित विभागातच तर्कशास्त्राचे अध्यापन व संशोधन होते, ही आपल्याकडे विरळ गोष्ट आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत वर्णनात्मक संच-सिद्धांताची मान्यवर परंपरा निर्माण झाली. शशी मोहन श्रीवास्तव यांची बोरेल संचांवरील व गणिती तर्कशास्त्रावरील पाठ्यपुस्तके ही त्या परंपरेची फळे जगभर वापरली जातात. ‘असोसिएशन फॉर लॉजिक इन इंडिया’ या संस्थेतर्फे तर्कशास्त्राची परिषद आणि अध्ययन-शिबिर एका वर्षाआड भरत असते. विद्यार्थ्याने अर्ज करण्यापूर्वी अशा एका शिबिरास हजर राहावे. आठ-दहा दिवसांत देशातील या विषयाची बहुतेक माणसे आणि त्यांचे विद्यार्थी भेटतात.

परदेशी जाणाऱ्यासाठी दोन भिन्न रचना ध्यानात घ्याव्या लागतात. युरोपात बहुधा आधी दोन वर्षांची मास्टर पदवी आणि नंतर तीन-चार वर्षांची पीएच.डी. असा क्रम असतो; पीएच.डी.साठी प्रवेश म्हणजे बहुधा एका विशिष्ट मार्गदर्शकाकडील जागा. अमेरिकेत प्रवेश सामान्यतः विभागात मिळतो. पहिली दोन वर्षे अभ्यासक्रम व पात्रता-परीक्षा यांत जातात आणि मार्गदर्शक नंतर ठरतो. त्यामुळे अमेरिकेतील विभागात एकच तर्कशास्त्रज्ञ असेल, तर धोका अधिक. आपला मार्गदर्शक ठरण्याच्या वेळी तो निवृत्त झालेला किंवा अन्यत्र गेलेला असू शकतो.

ॲमस्टरडॅम विद्यापीठात ‘मास्टर ऑफ लॉजिक’ ही दोन वर्षांची इंग्रजी माध्यमातील पदवी आहे. गणित, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र या चारही अंगांनी तर्कशास्त्र तेथे शिकता येते. ज्याची शाखा अद्याप ठरलेली नाही, त्याला हा मार्ग सोयीचा; मात्र युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क पुष्कळ अधिक पडते, तेव्हा शिष्यवृत्तीचा विचार आधी करावा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गणित व तत्त्वज्ञान या दोन विभागांनी मिळून चालविलेला तर्कशास्त्राचा स्वतंत्र पीएच.डी. कार्यक्रम आहे, तो टार्स्की यांच्या पुढाकाराने १९५७ च्या सुमारास सुरू झाला. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात गणित, तत्त्वज्ञान व संगणकशास्त्र असे तिन्ही विभाग मिळून असाच कार्यक्रम चालवितात. इंग्लंडमध्ये लीड्स, जर्मनीत म्युन्स्टर, तर ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथेही तर्कशास्त्रज्ञांचे मोठे गट आहेत. व्हिएन्ना येथे संच-सिद्धांतावर विशेष भर आहे.

५. गाव आणि माणसे

वरील नावे वाचून कोणी ती पाठ करील, तर या लेखाचा हेतू विफल होईल. गावाची कीर्ती माणसांमागून टिकते आणि माणसे निघून गेल्यावरही पुष्कळ वर्षे टिकून राहते. दोन महायुद्धांच्या दरम्यान वॉर्सा हे तर्कशास्त्राचे एक अग्रगण्य केंद्र होते. टार्स्की यांनी १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते सोडले आणि १९४२ साली ते बर्कलीला गेले. त्यानंतर बर्कलीची कीर्ती झाली. गोडेल यांनी आपली मोठी प्रमेये व्हिएन्नात सिद्ध केली. परंतु १९४० मध्ये ते प्रिन्स्टनला गेले, आणि त्यानंतरच्या वर्षांत व्हिएन्नाचे नाव पाहून तेथे जाणाऱ्याला गोडेल भेटले नसते. म्हणून कोणत्याही संस्थेविषयी ‘तेथे परंपरा आहे’ एवढ्यावर थांबू नये; ‘आज तेथे कोण आहे, आणि पुढील पाच वर्षे कोण असणार आहे’, हे विचारावे.

माणूस पाहून संस्था निवडल्याचे सर्वांत बोलके उदाहरण ट्यूरिंग यांचेच आहे. १९३६ च्या वसंतात केंब्रिजमध्ये एकट्याने काम करून त्यांनी निर्णय-प्रश्नाचे नकारात्मक उत्तर शोधले. तेवढ्यात प्रिन्स्टनच्या चर्च यांनी तेच उत्तर वेगळ्या रीतीने आधीच प्रसिद्ध केल्याचे कळले. ट्यूरिंग यांचे अध्यापक मॅक्स न्यूमन यांनी चर्च यांना पत्र लिहिले. या तरुणाने आजवर सर्व काम एकाकीपणे केले आहे, तेव्हा या विषयातील माणसांशी त्याचा लवकर संपर्क यावा, नाहीतर तो कायमचा एकांडा होईल, असा त्याचा आशय होता. ट्यूरिंग त्याच वर्षी प्रिन्स्टनला गेले आणि १९३८ साली चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळविली. ज्याने असे शोधपत्र आधीच लिहिले होते, त्यालाही सहवासाची गरज आहे, असे त्याच्या अध्यापकाला वाटले. मग जो अद्याप विषयाच्या उंबरठ्यावर आहे, त्याची गोष्ट काय सांगावी!

याला अपवाद आहेत, आणि ते लपविण्याचे कारण नाही. कोहेन यांनी शिकागो येथे १९५८ साली पीएच.डी. मिळविली ती त्रिकोणमितीय श्रेढींवर. तर्कशास्त्र हा त्यांचा प्रशिक्षणाचा विषय नव्हता. तरीही पाच वर्षांनी त्यांनी संच-सिद्धांतातील मोठा प्रश्न सोडविला. विश्लेषण किंवा बीजगणित यांत भक्कम शिक्षण घेतलेल्याला तर्कशास्त्राचे दार पुढेही उघडे राहते, असा याचा अर्थ. म्हणून जेथे चांगला तर्कशास्त्रज्ञ नाही पण चांगला बीजगणितज्ञ आहे, तेथे बीजगणितात प्रबंध करणे हा पराभव नव्हे. मात्र तो निर्णय डोळे उघडे ठेवून घेतलेला असावा.

६. अर्ज करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

एखाद्या विभागाची परीक्षा कशी करावी? माझ्या मते पुढील प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून अर्ज करू नये.

पहिला : माझ्या शाखेत प्रत्यक्ष संशोधन करणारे किमान दोन अध्यापक तेथे आहेत काय? एकावर सर्व भार असलेला विभाग त्याच्या बदलीबरोबर रिकामा होतो.

दुसरा : तर्कशास्त्राचे नियमित चर्चासत्र चालते काय? आठवड्यातून एकदा भरणारे चर्चासत्र ही जिवंत विभागाची सर्वांत विश्वसनीय खूण होय. पुस्तकांतून जुने ज्ञान मिळते. कोणता प्रश्न आज सुटण्याजोगा आहे, हे मात्र अशाच ठिकाणी कानांवर पडते.

तिसरा : गेल्या दहा वर्षांत तेथून तर्कशास्त्रात किती जणांनी प्रबंध पूर्ण केले, आणि ते आज काय करीत आहेत? ही माहिती सहसा उघड असते. ती न मिळणे हेही एक उत्तर समजावे.

चौथा : पात्रता-परीक्षेत तर्कशास्त्र हा विषय घेता येतो काय? काही विभागांत तो घेता येतो; काहींत विश्लेषण, बीजगणित व संस्थिती यांवरच परीक्षा होते. दुसऱ्या प्रकारच्या विभागात जावयाचे असेल, तर त्याची तयारी येथूनच करावी.

पाचवा : निर्वाहाची सोय किती वर्षांची आहे? अध्यापन-साहाय्यकाचे काम करावे लागेल काय, आणि प्रबंध लांबला तर शिष्यवृत्ती वाढते काय? भारतात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती आणि राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची शिष्यवृत्ती हे दोन प्रमुख आधार आहेत.

सहावा प्रश्न तेथील विद्यार्थ्यांना विचारावयाचा : मार्गदर्शक किती वेळा भेटतात? याचे उत्तर विवरणपत्रिकेत सापडत नाही. पत्र लिहून नम्रपणे विचारले, तर विद्यार्थी बहुधा खरे सांगतात.

७. येथे राहून करावयाची तयारी

प्रवेशाच्या आधीचे एक वर्ष रत्नागिरीत कसे घालवावे, यावर निवडीचे यश पुष्कळसे अवलंबून आहे. एंडरटन यांचे गणिती तर्कशास्त्राचे पाठ्यपुस्तक किंवा श्रीवास्तव यांचे पुस्तक घेऊन गोडेलच्या पूर्णता-प्रमेयापर्यंत आणि पुढे अपूर्णता-प्रमेयापर्यंत उदाहरणांसह जावे. लिऑन हेन्किन यांनी १९४९ साली दिलेली पूर्णता-प्रमेयाची सिद्धता पुस्तक मिटून फळ्यावर मांडता आली, तर पाया झाला असे समजावे. संचांसाठी हाल्मोस यांचे छोटे पुस्तक पुरेसे आहे. मग चारही शाखांतील एकेक प्रगत पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे वाचून पाहावी. जेथे वेळेचे भान राहिले नाही, ती आपली शाखा. जेथे प्रत्येक पानावर स्वतःला ढकलावे लागले, ती कितीही प्रतिष्ठित असली तरी सोडून द्यावी. ही कसोटी कोणत्याही प्रवेश-परीक्षेपेक्षा खरी आहे आणि तिला खर्च नाही.

याच काळात दोघा-तिघा सहाध्यायांनी मिळून आठवड्यातून एकदा बसावे. विषय ठाऊक नसलेला मित्र श्रोता म्हणून लाभला तर अधिकच चांगले. त्याच्या शंका आपल्या समजुतीतील छिद्रे दाखवितात. रात्रीच्या गाडीने निघाले, की सकाळी मुंबईस पोहोचता येते. कुलाबा किंवा पवई येथील एखादे खुले व्याख्यान ऐकून त्याच रात्री परतणे कष्टाचे असले, तरी अशक्य नाही. महिन्यातून एकदा असे जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाअखेर ज्या गोष्टी कळतात, त्या येथे बसून आम्ही अध्यापक त्याला सांगू शकत नाही.

संभाव्य मार्गदर्शकाला पत्र लिहावयाचे, ते थोडके असावे. त्याचा एखादा लेख आपण वाचला आहे, त्यातील अमुक पायरी समजली आणि तमुक अडली, एवढे त्यात असले तरी पुरे. स्तुतीने भरलेले पत्र पन्नास जणांना एकदम पाठविले, तर त्याचा सुगावा लागतोच. अमेरिकेतील विद्यापीठांच्या अर्जांच्या मुदती बहुधा डिसेंबरात संपतात. तेव्हा हा पत्रव्यवहार पावसाळ्यातच सुरू व्हावा.

शेवटी उपजीविकेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. तर्कशास्त्रज्ञांसाठी असलेल्या जागा जगभर थोड्या आहेत आणि आपल्याकडील गणित विभागांत तर फारच थोड्या. अध्यापकपदासाठी द्यावयाच्या ‘नेट’ परीक्षेच्या गणित विषयात तर्कशास्त्राला स्वतंत्र स्थान नाही. म्हणून या मार्गाने जाणाऱ्याने विश्लेषण व बीजगणित यांची तयारी कधीही सैल सोडू नये. आणि सिद्धता-सिद्धांत किंवा गणनक्षमता यांकडे ओढा असेल, तर संगणकावर सिद्धता लिहिण्याची एखादी प्रणाली हाताखालून घालावी. यात विषयाशी प्रतारणा नाही. ज्याला दीर्घकाळ एका विषयाची सोबत करावयाची आहे, त्याने शिधा बरोबर घेतलेला बरा.

मुरडीचा मुलगा केंब्रिजला गेला तेव्हा रत्नागिरीत महाविद्यालयही नव्हते. ते निघाले १९४५ साली. आज येथील विद्यार्थ्याला पुस्तके मिळतात, शोधपत्रे घरबसल्या वाचता येतात आणि जगातील कोणत्याही अध्यापकाला पत्र धाडता येते. उणीव राहिली आहे ती येथे या विषयाचा सहवास मिळण्याची. तो जेथे खरोखर आहे, तेथेच आपल्या विद्यार्थ्याने जावे, आणि शक्य झाले तर परत येऊन येथे तो निर्माण करावा, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारताना संकोच वाटणार नाही.